२५ छंद आणि एक अनुस्वार

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक लेख लिहिला होता. विषय होता, पावसाळ्यात घरबसल्या जोपासता येतील असे २५ छंद. इंग्रजीत, बाराशे शब्द, दुपारी चारच्या आत. मी पावणेचारला पाठवला. अठराव्या छंदापर्यंत येता येता माझी कल्पनाशक्ती संपली होती, म्हणून शेवटी 'ढगांचं निरीक्षण' आणि 'जुन्या चाव्या जमवणे' असं काहीबाही भरलं. संपादकांना आवडला. 'नाइस वर्क' असा मेसेज आला, सोबत अंगठा.

रात्री जेवताना माझ्या धाकट्या भावानं तो लेख फोनवर उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. विणकाम, बागकाम, सुलेखन, गिटार... मग मान वर करून म्हणाला, "ताई, यातला तुझा कोणता?"

मी म्हटलं, "भात वाढ."

मी इंदूरला राहते. आमच्या पणजोबांच्या वेळी घराणं खानदेशातून इथं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि दोन्हींची सरमिसळ झालेली एक तिसरी भाषा, जी ऐकून पुण्याची आत्या कपाळावर हात मारते. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि तेव्हापासून कंटेंट रायटर आहे. नातेवाईक विचारतात, "म्हणजे पत्रकार का?" नाही. तुम्ही फोनवर 'कोणता गीझर घ्यावा' असं शोधता तेव्हा जे पान उघडतं, ते माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेलं असतं. गीझर, गाद्या, केसगळती, कुत्र्यांचं खाणं, सगळ्यांवर मी लिहिलंय. आमच्याकडे कुत्रा नाही. गीझर आहे, पण तो बाबांनी शेजाऱ्यांना विचारून घेतला.

मला शब्दाला ६० पैसे मिळायचे. हे एकदा अंगात मुरलं की माणूस बिघडतो. इंग्रजीत 'टू' म्हणून जे काम होतं तेच 'इन ऑर्डर टू' म्हटल्यानं होतं, पण पहिल्याचे ६० पैसे आणि दुसऱ्याचा एक रुपया ८० पैसे. महिन्याला साधारण चाळीस हजार शब्द, म्हणजे २४ हजार रुपये. वाईट नव्हतं. घरभाडं नाही, आईच्या हातचं जेवण, वर २४ हजार.

जुलैत पाऊस चांगला लागला आणि त्याच आठवड्यात मीटिंग झाली. व्हिडिओ बंद ठेवून एक शांत आवाज सांगत होता की यापुढे पहिला मसुदा यंत्र लिहील. आपण फक्त त्याला माणसाचा स्पर्श द्यायचा. शब्द हाच होता, 'ह्यूमन टच'. काम सोपं होणार, म्हणून दर शब्दाला २० पैसे. कुणाला काही विचारायचं आहे का? नऊ जण होतो. कुणी काही विचारलं नाही. मी चॅटमध्ये 'ओके, नोटेड' लिहिलं. दोन शब्द.

मग वहीत हिशेब केला. तेवढेच पैसे मिळवायला आता महिन्याला एक लाख वीस हजार शब्द तपासावे लागणार होते.

यंत्राचं लिखाण वाईट नसतं, हे आधी कबूल करते. व्याकरण माझ्यापेक्षा बरं. पण वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही. पहिल्याच आठवड्यात पातालपाणी धबधब्यावरचा मसुदा आला. इंदूरहून महूच्या पुढे आहे तो. मसुद्यात लिहिलं होतं, वर्षभर कधीही जा, सारखाच सुंदर. उन्हाळ्यात तिथं जाऊन बघा, नुसता कोरडा कडा असतो. मी रागानं ते वाक्य खोडलं, आणि मग आठवलं की दोन वर्षांपूर्वी याच धबधब्यावर मीसुद्धा लिहिलं होतं, 'शांत, निवांत ठिकाण', तेही पावसाळ्यात एकदाही न जाता. त्या रविवारी भावाच्या बाइकवर मागे बसून गेले. धुकं होतं, पाणी गढूळ आणि जोरात होतं, भाजलेल्या भुट्ट्यांचा धूर होता, आणि माणसं इतकी की कठड्याजवळ पोहोचायला अर्धा तास लागला. शांत आणि निवांत म्हणे! यंत्राला नावं ठेवायला मला तोंडच नव्हतं.

तर काम कमी, वेळ जास्त आणि घराबाहेर चिखल. म्हटलं, आपल्याच यादीतला एखादा छंद घेऊ. नववा होता क्रोशे. लेखात मी लिहिलं होतं की तो मन शांत करतो.

आई क्रोशात पटाईत. तिच्या रुखवतातले रुमाल अजून कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत. तिनं मला सुई दिली, सुती दोऱ्याचा गुंडा दिला आणि साखळी घालायला शिकवली. मग मुका खांब, मग खांब. तिचे हात टीव्हीकडे बघत चालतात. माझे नजर लावूनही चालेनात. पहिला आठवडा माझा प्रत्येक गोल वाटीसारखा वर वळायचा. "टाके वाढवायला विसरतेस," आई म्हणायची आणि एका ओढीत सगळं उसवून टाकायची. दोन तासांची मेहनत तीन सेकंदांत. पहिल्यांदा मला रडू आलं, दुसऱ्यांदा हसू.

पंधरा दिवसांनी एक गोल सपाट झाला. कपाखाली ठेवायचा, निळा-पांढरा. मी इतकी खूश झाले की तो चहाच्या कपाखाली ठेवायचं सोडून आधी त्याचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. कॉलेजच्या मैत्रिणीनं विचारलं, "विकतेस का? बारा हवेत."

इथं माझी चूक झाली. मी हो म्हटलं. दोऱ्याचे १८० रुपये, एका गोलाला दीड तास, बाराला अठरा तास. एका गोलाचे साठ रुपये मागितले तर दोरा वजा जाता तासाला तीस रुपये पडतात. जे गणित मी दिवसभर शब्दांचं करायची, तेच आता टाक्यांचं करायला लागले. चौथ्या गोलापासून मी घड्याळ लावून विणत होते. सातव्याला आईनं घड्याळ बघितलं, काही बोलली नाही, उठून पोह्यांना फोडणी द्यायला गेली. अकरावा गोल झाला त्या रात्री मला सुई हातात धरवेना. बारावा आईनं केला. तो सगळ्यांत चांगला होता आणि मैत्रिणीनंही नेमका तोच फोटोत पुढे ठेवला.

करमणुकीचं तर काय सांगू. मी मालिका दीडपट वेगानं बघते. सुरुवातीला वेळ वाचवायला बघायचे, आता सवयच झालीय. माणसं साध्या वेगानं बोलायला लागली की ती आजारी आहेत की काय असं वाटतं. ऑगस्टच्या सुरुवातीला आईबरोबर नाटकाला गेले. इंदुरात 'सानंद' न्यास आहे, महाराष्ट्रातली नाटकं इथं आणतो. आई कित्येक वर्षांपासूनची सभासद. तिच्यासाठी महिन्यातली ती एक संध्याकाळ म्हणजे सण असतो, गजरा, ठेवणीतली साडी, सगळं. मध्यंतरात मराठीत गप्पा, बटाटेवडा. बाबांना कंटाळा आला होता म्हणून त्यांच्या जागी मी गेले. पहिली वीस मिनिटं माझा अंगठा पर्समधल्या फोनवरच होता. नट एक वाक्य बोलून थांबायचे, आणि त्या थांबण्यात सगळं सभागृह हसायचं. तेवढ्याशा शांततेला पुढे ढकलायचं बटण नव्हतं. उत्तरार्धात कधीतरी मी फोन विसरले. परतताना रिक्षात आई म्हणाली, "आज तू हसलीस." मी म्हटलं, मी रोजच हसते. ती म्हणाली, "फोनमध्ये हसतेस. ते नाकानं असतं."

आजोबांबद्दल अजून काहीच सांगितलं नाही. ते याच घरात असतात. वय ऐंशी, पाय थोडे सुजलेले, कान एकदम तीक्ष्ण. तरुणपणी इंदूरच्या एका कापडगिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. हे शहर आता खाऊगल्ल्यांसाठी आणि स्वच्छतेसाठी ओळखलं जातं, पण एकेकाळी ते गिरण्यांचं होतं; हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशी नावं अजून चौकांच्या पत्त्यांत टिकून आहेत. एक एक करून सगळ्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आजोबा त्या मिलमध्ये नव्हते, पण त्या दिवशी ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. नावं माहीत होती ना त्यांना बऱ्याच जणांची. त्यातली किती उरली असतील, ते बोटांवर मोजत होते.

माझ्या दराची गोष्ट त्यांना मी सांगितली नव्हती. ती त्यांनी दाराआडून ऐकली होती. एका संध्याकाळी भुट्ट्याचा कीस खाता खाता म्हणाले, "किती देतात गं आता शब्दाला?"

"वीस पैसे."

"आमचंही तसंच होतं. जेवढं कापड उतरेल तेवढे पैसे. धागा तुटला की साचा बंद, गाठ मारायची, तेवढा वेळ फुकट. दोन साचे सांभाळायचो. मग साहेब म्हणाला, नवीन पद्धत आली, आता चार सांभाळा."

"मग?"

"मग काय, सांभाळले." त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. "थोडं जिरावण आण."

मला वाटलं होतं ते पुढे काही सांगतील. संघर्ष, लढा, निदान एखादी शिवी तरी. काही नाही. जिरावण भुरभुरवून उरलेला कीस खाल्ला आणि म्हणाले, उद्या मला शेडवर सोड, रिक्षावाले फार मागतात.

शेड म्हणजे काय ते इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. झांकी म्हणजे चित्ररथ, पण डोळ्यांसमोर शाळेच्या मिरवणुकीतला ट्रक आणू नका. लांबलचक ट्रॉल्या, त्यावर पुराणातले नाहीतर चालू काळातले देखावे, हलणाऱ्या मूर्ती, हजारो दिवे, पुढे आखाड्यांची मुलं लाठ्या फिरवत. रात्रभर चालतं, राजवाड्यापर्यंत रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. ही प्रथा गिरणी कामगारांनी सुरू केली, त्याला शंभर वर्षं झाली. गिरण्या बंद होऊन तीसेक वर्षं होत आली तरी झांक्या त्यांच्याच नावानं निघतात. वर्गणी गोळा करतात, पालिका वगैरे थोडी मदत करतात, आणि म्हातारे कामगार, त्यांची मुलं, नातवंडं महिनाभर आधीपासून कामाला लागतात.

मी लहानपणापासून झांक्या बघत आले, बाबांच्या खांद्यावर बसून. त्या तयार कशा होतात ते कधी बघितलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. आत गोवर्धन पर्वत उभा राहत होता. लोखंडी सांगाडा, त्यावर तरट, त्यावर रंग. एक काका, पूर्वी फिटर होते म्हणे, मोटरला पट्टा लावून कृष्णाचा हात वर-खाली करून बघत होते. चाकाचा आस मुद्दाम मध्यापासून बाजूला बसवला होता, म्हणजे चाक फिरलं की हात उचलला जातो. हात वर जाताना थरथरायचा. "ठंड लग रही है भगवान को," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आजोबांचं काम कापडाचं. गोपांची धोतरं, यशोदेची साडी. त्यांनी आणलेल्या ताग्यातलं एकेक कापड चिमटीत धरलं, डोळे मिटून चोळलं आणि दोन बाजूला टाकली. मला तिन्ही सारखीच दिसत होती.

मी न राहवून फिटरकाकांना विचारलं, मिल बंद झाली, पगार नाही, मग हे कशासाठी?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पाऊस कशाला पडतो म्हणून विचारलं होतं. "मिल बंद हुई है बेटा, गणपती थोड़े ही बंद हुए हैं." आणि पाना मागितला.

सोडायला म्हणून गेले होते, ती रोज जायला लागले. लॅपटॉप घेऊनच जायची. एका कोपऱ्यात तेलाच्या डब्यावर बसून गाद्यांच्या लेखांना माणसाचा स्पर्श द्यायची. मधेच कुणी हाक मारायचं, ही वायर धर. धरायची. एकदा पूर्ण दुपार मी खोट्या गवताची पाती कापली. ते करताना मोजलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मोजलं. चारशे बारा. सवय जात नाही.

गणपती बसल्यावर एक दिवस आजोबांनी जाहीर केलं, "पाटीवरचं आमची ताई लिहील. इंग्लिशची बी.ए. आहे." पाटी हिंदीत होती, पण ते कुणाला खटकलं नाही. ट्रॉलीच्या बाजूला फळा असतो, देखावा कसला आहे ते सांगणारा. दरवर्षी 'श्रीकृष्ण द्वारा गोवर्धन धारण' एवढंच लिहीत.

मला वाटलं दहा मिनिटांचं काम. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी जे लिहिलं ते वाचून मला स्वतःलाच यंत्राचा मसुदा वाटला. भक्ती, शक्ती, एकता, सगळे गुळगुळीत शब्द. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसून देखाव्याकडेच बघत राहिले. कृष्णाची करंगळी वर, आणि खाली गोपांनी डोंगराला आपापल्या काठ्या लावलेल्या. गोष्टीत ते असतंच, की गोपांनाही वाटत होतं आपण डोंगर पेलून धरलाय. काठ्यांच्या जागी कामगारांनी जुने बांबू वापरले होते आणि खरं म्हणजे तो पुठ्ठ्याचा डोंगर त्या बांबूंवरच उभा होता. तिसऱ्या दिवशी एक ओळ झाली: 'जिस उँगली पर पर्वत टिका, उसके नीचे गाँव की सारी लाठियाँ भी लगी थीं।'

फिटरकाकांनी वाचली. पुन्हा वाचली. म्हणाले, "ठीक है." त्यांच्याकडून याहून जास्त कुणाला मिळालेलं मी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी कंपनीला मेल केला होता. २० पैशांत जमणार नाही, ३५ हवेत. नऊ दिवस उत्तर नाही. त्या नऊ दिवसांत मी आईशी दोनदा भांडले आणि गल्लीतल्या चार मुलांची इंग्रजीची शिकवणी धरली. दहाव्या दिवशी २५ पैसे आणि निम्मं काम, असं उत्तर आलं. घेतलं. शिकवणीही चालू ठेवली. यापुढे काय, ते मला अजून माहीत नाही.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. रात्री अकरापासून आम्ही कृष्णपुऱ्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर जागा धरून बसलो होतो. आजोबांच्या पायाखाली वर्तमानपत्र, पाठीशी उशी. एकेक झांकी जात होती. आमची यायला दोन वाजून गेले. आधी ढोल ऐकू आले, मग आखाडा, मग वळणावरून तो निळा डोंगर. कृष्णाचा हात वर गेला. थरथरला नाही. लोकांनी फोन उंच केले. माझ्यासमोरच्या बाईनं कडेवरच्या मुलाला पाटी वाचून दाखवली, बोट ठेवत, एकेक शब्द. माझं नाव त्यावर कुठंच नव्हतं, आणि मी आजवर लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचलेलं मी दुसऱ्यांदाच ऐकत होते. पहिल्यांदा भावानं वाचलं होतं.

आणि तेवढ्यात मला दिसलं. 'थीं'वरचा अनुस्वार नव्हता. रंगाऱ्यानं 'थी' लिहिलं होतं. एवढ्या काठ्या आणि क्रियापद एकवचनी. दिव्यांच्या झगमगाटात, हातभर उंच अक्षरांत, सगळ्या शहरासमोर.

"आजोबा, अनुस्वार खाल्ला त्यानं."

"कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, ट्रॉली पुढे सरकेपर्यंत बघितलं. "कुणाला दिसतो?"

"मला दिसतो ना."

"हां, ते तसंच असतं," ते म्हणाले. "आमच्या ठाणात कुठं एखादा धागा सुटलेला असायचा. गिऱ्हाइकाला आयुष्यात दिसायचा नाही. आपल्याला रात्रभर तोच दिसतो."

डोंगर राजवाड्याकडे वळला. मागून पुढच्या मिलचे ढोल यायला लागले. आजोबा पाय चोळत थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किती शब्द होते गं?"

"चौदा."

त्यांचे ओठ हलले. गिरणीतल्या माणसाचा हिशेब, कागद लागत नाही. "म्हणजे जुन्या दरानं आठ रुपये चाळीस पैसे झाले," ते म्हणाले आणि पलीकडच्या टपरीकडे बोट केलं. "चल, चहा तुझ्याकडून. वरचे मी घालतो."